विरळणीत उपटलेला किवी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे किवीचं बी धुणं. अर्धा-अर्धा किवी चमच्यानं कोरून खाल्ला, मग ती चहाच्या गाळणीत बी चोळत बसली आणि मी राखेची वाटी धरली. खसखशीएवढं काळं बी.

पहिलं बी लावलं होतं तिला डेंगू झाला तेव्हा. डॉक्टर म्हणाले किवी खाऊ घाला, म्हणून कोपरगावला दिलेल्या थोरल्या लेकीनं आणले. लव असलेल्या चिकूसारखं फळ, दगडासारखं टणक. तसंच कापलं, तोंडं वाकडी झाली. उरलेले तिनं ज्वारीच्या कोठीत पुरले, सीताफळं पिकवतो तसे. मग लई गोड लागले. त्यातलंच बी तिनं शेवग्याच्या सावलीत लावलं.

दोनच रोपं उगवली, एकमेकांना खेटून. माझा जन्म बाजरी-कपाशीची विरळणी करण्यात गेला. दोन रोपं जवळ दिसली की हात आपोआप जातो. बारकं उपटून फेकलं. तिला विचारलं नाही.

राहिलेला वेल मांडवावर गेला. उन्हाळ्यात पानं करपायची, ती जुनं लुगडं भिजवून वर टाकायची. वर्षं गेली, फळ नाही. मिरजगावचा रोपंवाला म्हणाला, “ह्यात नर-मादी येगळे असत्यात. एकट्याला फळ येत न्हाई. अन् आपल्याकडं थंडीबी पुरत न्हाई.” थंडीचं तिनं कानाआड केलं. जोडीचं तेवढं धरून बसली.

“अवं, पपईतला नर-मादी वळखता, अन् हितं जोडी मोडली व्हय?”

“त्याच्या कपाळावर लिहिलं हुतं का?”

“मला इचारायचं. मी दोन्ही ठिवली असती.”

हसून बोलायची, पण दर उन्हाळ्यात बोलायची. चुकलं, एवढं एकदा म्हणायला माझं काय जात होतं?

त्या शेवटच्या संध्याकाळी बी राखेत घोळून झाल्यावर म्हणाली, “आत्ताच लावू.”

“अंधारून आलंय. सकाळी लावू.”

“सकाळी तुमी इसरता.”

“न्हाई इसरत.”

सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. अंगणात माणसं जमली. थोरली येईपर्यंत थांबायचं ठरलं. मी वाटी घेऊन मागं निघालो, तर भावकीतलं कुणी म्हणालं, “तात्या, ही येळ हाय का?” मी तसाच गेलो. वेलाशेजारी माती भुसभुशीत केली, राखेसकट सगळं बी टाकलं, चिमटीनं माती पसरली आणि तिनं आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी हातानं शिंपडलं.

मग घरात गेलो, तिच्या उशाशी बसलो आणि सांगितलं, जेवढं उगवंल तेवढं ठिवतो.