चिरेची खिडकी

झोपेत माणसाला कशाचेच नवल का वाटत नाही? कापडगिरणीतल्या तपासनीसबाईंनी हे प्रस्तुत लेखकाला विचारले. आपल्यातला तपासणारा आधी झोपत असावा, असे काहीसे तो पुटपुटला. बाईंनी मान हलवली.

"झोपत नाही हो. जागाच असतो, वर कारणंही देतो."

बाईंचे काम नजरेचे. काचेच्या उतरत्या टेबलावरून, खालच्या दिव्याच्या उजेडात, कापड संथ सरकत राही. डाग, तुटका धागा, चीर दिसली की यंत्र थांबवायचे आणि तिथल्या काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायची. लाल दोरा म्हणजे खोट. ऐन उमेदीची वर्षे खाली घडीखात्यात उभ्याने काढल्यावर बाईंना हे टेबल मिळाले होते. त्या डोळ्यांत तेल घालून बसतात, असे सारे खाते म्हणे.

मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांचा जीव कोंडे. खिडकी वाऱ्याने मिटली की हाक येई. बाई उठत, खिडकी उघडत, पाठ टेकत, तोच पुढची हाक. झोप मिळे ती चिंध्यांसारखी. भेटीला आलेली थोरली नणंद एकदा म्हणाली, "अगं वहिनी, भाजी चिरतानाही माना डोलावतेस. जागेपणी माझ्या एका तरी बोलण्याला डोलावलीस का?"

"तुम्ही बोलायच्या थांबलात की जागी होईन, वन्सं," बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

एका दुपारी मुकादमाने कापडाचा एक ताका परत आणून त्यांच्यापुढे उलगडला. हातभर चीर, आणि काठाला दोरा नाही.

"उचलताना फाटला असेल," तो म्हणाला. "हमालांच्या नावावर टाकतो."

बाईंनी चिरेवरून बोट फिरवले. "मी पाहिली होती ही."

"पाहिलीत आणि सोडलीत?"

"सासूबाईंची खिडकी आहे, असं वाटलं. दोरा बांधला तर मिटेल, त्या गुदमरतील. म्हणून जाऊ दिली."

मुकादम हसला. बाईंचा चेहरा पाहून त्याचे हसू ओसरले. "डुलकी लागली, बाई. कुणाला लागत नाही?"

"चुकले त्याचं काही नाही, मुकादम. पण विचार करून चुकले. शंका म्हणून आली नाही. मग आत्ता मला जे बरोबर वाटतंय, ते तरी कशावरून?"

मुकादमाने ताका गुंडाळायला घेतला. तो नीट गुंडाळला जात नव्हता, तरी गुंडाळत राहिला.

"हमालांना मध्ये आणू नका," बाई म्हणाल्या. "मला घडीवर टाका."

"ते नवशिक्यांचं काम. लोक तोंडावर बोलतील."

"बोलू देत. घडी चुकली तर उलगडता येते."

लाल दोऱ्याचे रीळ त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवले. ते घरंगळू लागले, तसे उचलून आडवे न ठेवता उभे केले, आणि जिना उतरून त्या खाली गेल्या.

सासूबाई १९८९ साली वारल्या. त्यानंतर टेबलावर परत येण्याचा निरोप आला तरी बाई गेल्या नाहीत. १९९६ साली त्या घडीखात्यातूनच निवृत्त झाल्या.