बाराला सोडलेलं पाणी

आमच्या बाबांना बसता येत नाही. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतात. जेवताना चार घासांत दोनदा उठतात. दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघा तपासायला आडवं केलं, तर पडल्या पडल्या म्हणाले, "तुमचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे." आईच्या मते ते पायाला भिंगरी लावूनच जन्माला आले. गुडघ्यापायी ती भिंगरी थांबेल अशी आमची भाबडी समजूत होती. पण ती माझ्या स्कूटरला लागली. गेलं दीड वर्ष मी त्यांना मागे बसवून शहराचं सांडपाणी बघत हिंडते आहे. हौस कोणाला असते? पण दुसरं कोणी त्यांना मागे बसवायला तयार नाही, कारण ते मागून वेग, खड्डे आणि वेळ तिन्ही सांगत राहतात.

त्यांचं काम थोडक्यात सांगते. शहराचं मैलापाणी शुद्ध करणारं केंद्र फार जुनं आहे आणि त्यात आता त्याच्या ऐपतीच्या दीडपट पाणी येतं. सकाळ-संध्याकाळ घरांचं पाणी येतं तेव्हा ते काठोकाठ भरतं. तेव्हाच कारखान्यांचंही आलं, तर टाकीतले मैला खाणारे जीवाणू मरतात आणि सगळी घाण जशीच्या तशी नदीत जाते. म्हणून नियम असा, की कारखान्यांनी आपलं पाणी आपल्या टाकीत धरून ठेवायचं आणि ठरल्या वेळेलाच सोडायचं. कोणी कधी सोडायचं याचं वेळापत्रक बाबांचं. झडपेला सील लावणारे बाबा, काढणारे बाबा. कारखानदार त्यांना घड्याळकाका म्हणतात, आणि बाबांना ते मनापासून आवडतं.

वेळापत्रकात सगळ्यात लांबचं नाव रंगखान्याचं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या दोन शेडमध्ये सूत रंगवायचे. तीसेक माणसं, आणि मालकीण एक पन्नाशीच्या बाई. त्यांना सगळे ताई म्हणत. कोपरापर्यंत हात कायम निळे. तिथे गेलं की चहा ठरलेला, आणि बाबा तो उभ्यानेच पीत. रंगखान्याची वेळ बारा ते दोन होती. पाणी दोन तासांत केंद्रावर पोचतं, म्हणजे दोन ते चार, तेव्हा केंद्र रिकामं असतं. हे 'दोन तास' बाबा पाढ्यासारखे म्हणत. मुख्य वाहिनी नवी होती तेव्हा त्यांनीच चेंबरमध्ये लिंबं सोडून मोजले होते. लिंबांची ती गोष्ट मी इतकी ऐकली आहे की मला ती लिंबं ओळखू येतील.

आणि मग केंद्राच्या टाकीवर जांभळा फेस यायला लागला. रोज संध्याकाळी, साडेपाच-सहाला, नेमका घरांच्या पाण्याबरोबर. टाकीतलं पाणी काळं पडलं, वास सुटला, केंद्राच्या साहेबांच्या नाकी नऊ आले. जांभळा रंग म्हणजे रंगखाना, त्यात शंका नव्हती. पण संध्याकाळी आम्ही तिथे धडकलो तर झडप बंद आणि सीलही शाबूत.

"काका, तुमच्याच हातचं सील आहे," ताई म्हणाल्या. "मी बाराला सोडते, दोनला बंद करते. तुम्ही स्वतः उभे असता."

"मग रंग काय आभाळातून पडतो?"

"ते मला काय ठाऊक? पण माझं पाणी बाराचंच आहे."

बाबांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. परत येताना स्कूटरवर मागून एकच शब्द ऐकू येत होता, चोरपाइप. झडपेला वळसा घालून कुठेतरी गुपचूप पाइप काढलाय आणि बाई तोंडावर गोड बोलतात! बाबा हात धुवून त्यांच्या मागे लागले. भिंती ठोकून पाहिल्या, फरशी उकरली. काही मिळालं नाही, तेव्हा त्यांनी रंगखान्याची जोडणीच पूर्ण बंद करून टाकली. दुसऱ्या दिवसापासून टाकीवर फेस नाही.

"बघितलंस?" बाबा मला म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला रागच आला. पाणी सोडता येईना म्हणून रंगखाना ठप्प झाला होता आणि माणसं शेडबाहेर बसून होती, हे मी येता-जाता बघत होते. पण खरं सांगायचं तर मलाही ताई खोटारड्याच वाटल्या.

तीन आठवड्यांनी सुनावणी लागली. जोडणी कायमची तोडायची की नाही ते तिथे ठरणार होतं. तोडली तर रंगखाना संपला, कारण पाणी न सोडता सूत रंगत नाही. साहेब म्हणाले, "घड्याळकाका, संशयावर नाही तोडता येणार. पाइप दाखवा." झालं. आम्ही रंगखान्यापासून एकेक चेंबर उघडत निघालो. बाबा गुडघा विसरून कडेला ओणवे होऊन विजेरीने आत बघायचे आणि मी मागून त्यांचा सदरा धरून ठेवायचे. तिसऱ्या चेंबरला त्यांच्या खांद्याची पाण्याची बाटली निसटली आणि आत पडली. हिरवी प्लास्टिकची बाटली, वर चिकटपट्टीवर माझ्या अक्षरात 'बाबा', कारण ऑफिसात कोणीही कोणाचीही बाटली तोंडाला लावतं. बाबांनी सवयीने घड्याळ बघितलं. साडेबारा.

संध्याकाळी आम्ही केंद्रावर होतो. पाणी आत येतं तिथे लोखंडी जाळी आहे आणि तिच्यात अडकलेल्या चिंध्या, पिशव्या काढायला एक जाळीवाला असतो. त्याचा लांब दांड्याचा पंजा वर आला, त्यात 'बाबा' लिहिलेली हिरवी बाटली होती, आणि तो हसायला लागला.

"काका, तुमची बाटली तुमच्याआधी घरी चालली होती!"

मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी मनगट वर केलं. सहा वाजले होते.

"ही आत्ता आली? मघाशी येऊन पडली नव्हती?"

"आत्ता. तुमच्यासमोर काढली की."

बाबा जाळीपाशी गेले, परत आले, परत गेले. साडेबारा ते सहा. मला अजून काही समजलं नव्हतं. मी बाटली धुवावी की टाकून द्यावी या विचारात होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दहा रिकाम्या बाटल्या घेतल्या, त्यांच्यावर वेळ लिहिली आणि बारा वाजता रंगखान्याजवळच्या चेंबरमध्ये सोडल्या. मग आम्ही दोन वाजल्यापासून जाळीवर उभे. अडीच, तीन, चार. एकही नाही. साडेपाचला पहिली आली, सहापर्यंत सात. वाहिनीत इतक्या वर्षांचा गाळ बसला होता, आणि केंद्र भरलं की पाणी मागे तुंबत होतं. लिंबांचे दोन तास केव्हाच साडेपाच झाले होते आणि कोणी पुन्हा मोजलं नव्हतं. ताईंचं बाराचं पाणी संध्याकाळच्या गर्दीत पोचत होतं, आणि ते तिथे आमच्या वेळापत्रकाने पाठवलं होतं.

घरी बाबा स्वयंपाकघर ते दार आणि दार ते स्वयंपाकघर चालत राहिले. आई म्हणाली, "अहो, माझं डोकं गरगरतंय, एका जागी थांबा." मी त्यांना बाजूला घेतलं. आता हे लिहिताना लाज वाटते, पण मी म्हटलं, "बाबा, उद्या फक्त एवढंच सांगा की पाइप सापडला नाही. पुराव्याअभावी त्या सुटतील. बाटल्यांचं कोणाला सांगायची काय गरज?"

"त्या चोर म्हणूनच सुटतील मग," बाबा म्हणाले.

सुनावणीच्या खोलीत सगळे बसले होते, बाबा उभे. ताई समोर होत्या. त्यांचे हात स्वच्छ होते, नखांतसुद्धा निळं नव्हतं. मला ते बघवेना.

साहेबांनी विचारलं, "पाइप सापडला?"

"पाइप नाहीच. चूक माझी आहे," बाबा म्हणाले. "यांनी वेळ पाळली. वेळच चुकीची दिली होती मी." मग त्यांनी सगळं सांगितलं, लिंबांपासून बाटल्यांपर्यंत. साहेबांनी डोक्याला हात लावला. बाबांवर चौकशी लागली, वेळापत्रक त्यांच्याकडून काढलं, आणि शेवटचं काम म्हणून रंगखान्याचं सील काढायला त्यांनाच पाठवलं.

आम्ही गेलो तेव्हा शेडबाहेर कोणी नव्हतं. आतही नव्हतं. ताई एकट्याच कोरड्या हौदाच्या कडेला बसल्या होत्या.

"माणसं कुठायत?" बाबांनी विचारलं.

"कुठे असणार? कामाला. वीसजणं दुसरीकडे लागली, बाकीची गावी गेली. तीन आठवडे कोण थांबतंय?"

बाबांनी पकडीने सीलची तार तोडली. त्याआधी ती पकडीतून दोनदा निसटली. मला वाटलं होतं ताई बोलतील, चार शब्द सुनावतील, आणि त्यांनी सुनावावंच असं मला वाटत होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मग काका, आता पाणी कधी सोडू?"

या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी शहरातल्या कुठल्याही कारखान्याची वेळ सांगता आली असती. बाबांनी पकड खाली ठेवली. मग ते ताईंच्या शेजारी, हौदाच्या कडेला, बसले.

"माहीत नाही हो," ते म्हणाले.