लोरेटाची फ्लोरिडा मोहीम

लोरेटा स्टॅम्परला या जगात एकच गोष्ट जमत नाही, आणि ती म्हणजे पुऱ्या किमतीत काही विकत घेणं. तिच्या आणि माझ्या घरात मिळून एकच कुंपण आहे, त्यामुळे हे मी शपथेवर सांगू शकते. ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या ती धुऊन दोरीवर वाळत घालते. रविवारचं वर्तमानपत्र आलं की बातम्या राहतात बाजूला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची कुपनं कापायची कात्री सुरू होते. नारिंगी मुठीची ती कात्री दुसऱ्या कुणी उचललेली तिला खपत नाही.

ती शाळेची बस चालवते. आरशातून तिने एक नजर टाकली की मागच्या बाकावरचं दांडगट पोरगंही मुकाट खिडकीबाहेर बघायला लागतं. अशा बाईला आपलं काही चुकेल असं कधी वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर फारसं चुकतही नाही. याचा शेजाऱ्यांना फार त्रास होतो.

तर या लोरेटाने जानेवारीत, चर्चमधल्या कॉफीच्या वेळी, जाहीर केलं, "येत्या ऑगस्टमध्ये आम्ही सगळे फ्लोरिडाला जाणार. त्या राजकन्यांच्या किल्ल्याच्या पार्कात."

दक्षिण ओहायोतल्या आमच्या या गावातून त्या पार्कात जातात ते दातांचे डॉक्टर आणि मोटारी विकणारे. बसवाली नाही जात. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मी तर तोंडावर बोलले, "उन्हात रांगा लावायला पैसे कशाला मोजतेस? एवढी हौस असेल तर गाडीच्या लायसन्सच्या कचेरीत जाऊन उभी राहा. तिथे रांग फुकट आहे."

"तू येऊच नकोस, नेल," ती म्हणाली. "तुझं थोबाड बघून तिथल्या राजकन्या रडायला लागतील."

तिने सगळं आधीच जुळवलं होतं. फ्लोरिडातल्या शाळा आमच्या आधी सुरू होतात. त्या सुरू झाल्या की पार्कातली गर्दी ओसरते, खोल्यांचे भाव उतरतात, आणि आमची शाळा उघडायला तेव्हा अजून एक आठवडा असतो. त्या फटीत तिने आपली सहल बसवली. त्या आठवड्यात तिथे अंगाची लाही होते म्हणून तर ते स्वस्त, पण लोरेटा म्हणाली, माझ्या बसला एसी नाही, मला उन्हाचं कौतुक सांगू नका. पार्काची गिफ्ट कार्डं, ज्यांवर पुढे तिकिटं काढता येतात, ती दर आठवड्याला किराणा दुकानातून एकेक घ्यायची, कारण तिथे त्यावर पेट्रोलची सूट मिळते. म्हणजे तिकिटं घेता घेता तिकडे जायचं पेट्रोलही स्वस्तात पडत होतं. सकाळचे वॉफल फुकट देणारं मोटेल तिने शोधलं. दुपारी पीनट बटरचे सँडविच, रात्री खोलीतच विजेच्या भांड्यात शिजवलेले बीन्स. आणि सगळ्यांसाठी बसच्या रंगाचे पिवळेजर्द शर्ट. "हरवलं कुणी तर मला लांबून दिसलं पाहिजे," ती म्हणाली.

सगळे म्हणजे ती, तिची मुलगी मिस्टी, मिस्टीची दोन मुलं कोल्टन आणि किन्स्ली, आणि लोरेटाचा नवरा ड्वेन. मिस्टी लहान असताना एकदा तिथे जायचं ठरलं होतं, पण त्याच वर्षी ड्वेनचं काम सुटलं. मिस्टी शहाणी पोर, पुन्हा कधी तिने त्या पार्काचं नाव काढलं नाही. लोरेटा ते विसरली नव्हती. आता मिस्टीने तिशी ओलांडली तरी लोरेटाच्या मते ती सहल अजून बाकीच होती, आणि तिच्यात पाच जण होते. चार नाही.

अडचण होती ती या पाचव्याचीच.

ड्वेन स्टॅम्परने जन्मभर ट्रॅक्टर आणि कापणीची यंत्रं दुरुस्त केली. सिमेंटच्या फरशीवर गुडघे टेकून टेकून त्याच्या गुडघ्यांचं पीठ झालं होतं. एकदा शस्त्रक्रिया झाली, तिचा उपयोग झाला नाही, दुसरीला तो तयार नव्हता. आधी त्याने मासे धरायला जाणं सोडलं. मग कोल्टनच्या बेसबॉलच्या सामन्यांना जाईना. मग चर्चच्या पायऱ्या नकोशा झाल्या. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "इथून सगळं दिसतं की."

लोरेटाला कशाची भीती वाटलेली मी एकदाच पाहिली, ती याची. "नेल, आज हा पार्क नको म्हणेल," ती एकदा कुंपणापाशी म्हणाली, "उद्या जेवायला टेबलाशी येणं नको म्हणेल. मग मी काय त्या खुर्चीशी संसार करू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लगेच माझ्या टोमॅटोंना नावं ठेवून ती आत गेली.

जूनमध्ये आमची जिल्ह्याची जत्रा भरते. लोरेटाने ठरवलं, रंगीत तालीम करायची. पाचही जण पिवळे शर्ट घालून, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि सँडविच घेऊन, सकाळपासून जत्रेत हजर. मी पाय बांधून घरी बसणारी नाही, मीही गेले. मुलं पाळण्यांच्या रांगेत शहाण्यासारखी उभी राहिली. बाटल्यांतला बर्फ दुपारपर्यंत टिकला. लोरेटाच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिलं आल्याचं समाधान होतं.

डुकरांच्या गोठ्यापाशी ड्वेन एका बाकावर टेकला आणि त्याला उठता येईना.

मिस्टीने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. नाहीच. शेवटी जत्रेचे स्वयंसेवक छोटी गाडी घेऊन आले आणि त्याला उचलून तिच्यात बसवलं. सगळ्या गर्दीतून, पिवळ्याजर्द शर्टात, त्याला फाटकापर्यंत नेलं. वाटेत ट्रॅक्टरच्या दुकानातले त्याचे जुने सोबती भेटले. त्यांतला एक ओरडला, "काय ड्वेन, आता तुलाच दुरुस्तीला न्यायची वेळ आली का?" वाईट हेतूने नाही, आमच्याकडे असंच बोलतात. ड्वेनही हसला. पण मी जवळ होते, मला त्याचे कान दिसले. लालबुंद झाले होते.

त्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर आम्ही लिंबूपाणी पीत बसलो होतो. ड्वेन म्हणाला, "मी नाही येत. माझं तिकीट कुणालातरी दे."

"तिकीट दुसऱ्याला देता येत नाही."

"मग फाडून टाक."

"तिथे बॅटरीवर चालणारी गाडी भाड्याने मिळते, पापॉ," मिस्टी म्हणाली. मुलं झाल्यापासून तीही त्याला त्यांच्यासारखं पापॉच, म्हणजे आजोबाच, म्हणते. "बसायचं आणि बटण दाबायचं. कितीतरी लोक—"

"आज बसलो ना गाडीत? बघितलं ना सगळ्या जिल्ह्याने? झालं तेवढं पुरे." तो काठी टेकत आत गेला.

मला वाटलं, आता लोरेटा आकाशपाताळ एक करणार. ती नुसती ग्लासं गोळा करत राहिली. "तसंही त्या भाड्याच्या गाडीचा रोजचा दर ऐकून मला घेरी आली होती," ती म्हणाली. "बघते मी."

पुढच्याच शनिवारी चर्चच्या आवारात जुन्या वस्तूंची विक्री होती. गेल्या वर्षी वारलेल्या ओपलबाईंची बसून चालवायची बॅटरीगाडी तिथे आली होती. तीन चाकं, पुढे टोपली, बसायला खुर्ची. लोरेटाने घासाघीस करून ती जवळजवळ फुकटात पदरात पाडून घेतली. मग स्वतः तिच्यावर बसून मोटारी लावायच्या जागेत दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला पाद्र्याला रस्त्यातून हटवलं. गाडी झकास चालत होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सोमवारी मी त्यांच्याकडे अंडी द्यायला गेले, तर गॅरेजमध्ये ती गाडी मुडद्यासारखी पडलेली.

"काय झालं गं हिला?"

"बंद पडली," लोरेटा म्हणाली. "आणता आणता. नशीब माझं!" तिचा चेहरा इतका साळसूद होता की मी आयुष्यात तिच्याशी पत्ते का खेळते, असा मला प्रश्न पडला. मी अंडी ठेवली आणि घरी आले.

ड्वेनने ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्चीतून हलला नाही. तसेच काही दिवस गेले. माझा जीव खालीवर होत होता, पण लोरेटा मजेत मोज्यांना रफू करत होती. गुरुवारी मी बसले असताना ती त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "विचार करतेय, रस्टीला बोलवावं. बघेल तो त्या गाडीचं काय झालंय ते."

दुकानात ड्वेनची जागा या रस्टीने घेतली होती.

"रस्टी?" खुर्चीतून आवाज आला. "त्या रस्टीला?"

"का? चांगला पोरगा आहे."

"चांगला आहे. त्याला पाना धरायला द्या, तो त्याने पाठ खाजवेल." आणि मग खुर्ची करकरली.

त्यानंतर गॅरेजचं दार उघडंच असायचं. आधी गाडी चालू झाली. तेवढ्यावर थांबेल तो ड्वेन कसला? ओपलबाईंची खुर्ची त्याला हलकी वाटली, तिच्या जागी गवत कापायच्या जुन्या यंत्राची बसली. गुडघा लांब ठेवता यावा म्हणून पायाखाली पट्टी आली. मागे बर्फपेटीसाठी कठडा आला. पार्काने घालून दिलेल्या मापाबाहेर तो कठडा जातोय असं लोरेटाने त्याच्या कानात सांगितलं, तेव्हा कुरकुर करत कापला. कोल्टन शेजारी बसून नटबोल्ट देत होता आणि पापॉच्या शिव्या पाठ करत होता. शेवटी सगळ्याला ट्रॅक्टरचा हिरवा रंग लागला, आणि मागे संथ वाहनांना लावतात ती नारिंगी त्रिकोणी पाटी.

एका सकाळी ड्वेन त्या गाडीवरून पोस्टात गेला. परत यायला दुपार झाली, कारण दुकानातल्या मंडळींनी त्याला अडवलं होतं. जत्रेत ओरडलेला तोच गडी मोटारीचं बॉनेट उघडून बघतात तसा वाकून आत बघत होता आणि विचारत होता, "ही बॅटरी कुठली टाकलीस रे?" ड्वेन पुढच्या रविवारी चर्चलाही आला. पायऱ्यांच्या बाजूच्या उतारावरून, टोपी तिरकी करून.

निघायच्या दिवशी उजाडायच्या सुमाराला मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या टोमॅटोंना पाणी घालायचं म्हणून घराची किल्ली घ्यायची होती. मुलं पिवळ्या शर्टात व्हॅनमध्ये कोंबलेली. सगळ्या गावाने तोंडाला कुलूप लावलं होतं, त्यामुळे त्यांना अजून वाटत होतं की आपण केंटकीत मावशीकडे चाललोय. नदीवरचा पूल ओलांडला की सांगायचं ठरलं होतं. हिरवी गाडी मागे फळीवरून चढवून पट्ट्यांनी बांधून झाली. लोरेटा हातात पिशवी धरून उभी होती, एखादी गोष्ट राहिली का ते आठवत.

ड्वेनने शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. बोटाच्या पेराएवढा वायरचा तुकडा होता.

"हा तुझा."

लोरेटा लाल झाली. तिला लाल होताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "कधी कळलं?"

"तू आणलीस त्याच दिवशी. तू दुकानात गेलीस तेव्हा उठून बघून आलो. वायर आपोआप तुटली तर टोकं विस्कटतात, लोरेटा. ही कापलेली आहे. कुपनाच्या कात्रीने."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"खुर्चीत बसून विचार करत होतो." तो व्हॅनच्या दाराला धरून उभा होता. "ब्रेडच्या पिशव्या धुणारी बाई तू. तुटलेलं बटणसुद्धा टाकत नाहीस. चांगली, चालती वस्तू तू आयुष्यात कधी मोडली नाहीस. ही मोडलीस." त्याने टोपी सारखी केली. "तेव्हा म्हटलं, हिला मी तिथे खरंच हवा आहे."

मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.

"आणि रस्टीचं नाव काढायची काही गरज नव्हती," ड्वेन म्हणाला. "मी शुक्रवारी उठणारच होतो."

"मॅमॉ, चल ना!" आतून किन्स्लीने आजीला हाक मारली.

लोरेटाने पर्स उघडली, कुपनांच्या पाकिटात तो वायरचा तुकडा ठेवला आणि पर्सची चेन लावली. मग ड्वेनला हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं, त्याचा पट्टा स्वतः ओढून लावला, आणि वळसा घालून स्टिअरिंगमागे जाऊन बसली. आरशात एक नजर टाकून तिने मागची माणसं मोजली, मग शेजारचं, मग स्वतःला.

"पाच," ती म्हणाली, आणि गाडी सुरू केली.