पांढऱ्या व्हॅनचा कॅन्सर

गॅरेजमध्ये कॅन्सर हा शब्द चहाइतका स्वस्त होता. गाडीच्या पत्र्याला आतून गंज लागला की डेंटर लोक त्याला कॅन्सर म्हणतात. वरून रंग झकास, आणि बोटानं दाबलं की पत्र्याचा बिस्किटासारखा चुरा. आमच्या डेंटरला हा शब्द त्याच्या बापानं शिकवला होता. गॅरेज बापानंच उभं केलं, लेकाच्या हातात हातोडी बापानंच दिली. असा पत्रा सापडला की दोघं एकमेकांना ओरडून सांगायचे, "याला कॅन्सर आहे रे," आणि कामाला लागायचे.

मग बापाचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी लेकाला एकट्याला आत बोलावून तोच शब्द सांगितला. लेक बाहेर आला आणि बाकावर बसलेल्या बापाला म्हणाला, "आतड्याला सूज आहे. गोळ्या दिल्यात."

त्या दिवसापासून घरात त्या शब्दाला बंदी झाली. ती इतकी कडक, की रोज सासऱ्यांना पेपरातलं राशिभविष्य वाचून दाखवणारी सून मिथुनेवरून थेट सिंहेवर उडी मारायची. बाबांची रास कर्क. "माझी रास कुठं गेली?" असं त्यांनी विचारलं तर म्हणे आज छापायची राहिली. नात भूगोलाचा धडा मोठ्यानं वाचत होती, त्यात कर्कवृत्त आलं, तर तिला मनातल्या मनात वाचायला सांगण्यात आलं. लेकाला हा सगळा पोरखेळ कळत होता, पण सोडवत नव्हता. बापाशी खोटं बोलतोय ही बोच त्याला धड जेवू देत नव्हती. म्हातारा धसका घेईल, असं तो बायकोला सांगायचा. खरं तर धसका त्यानंच घेतला होता.

असाच महिना गेला. बाबांना दारापर्यंत चालूनही धाप लागू लागली. एका दुपारी लेक जेवायला आला असताना डॉक्टरांचा फोन आला. तो स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलला खरा, पण जन्मभर हातोड्यांच्या वर आवाज काढणाऱ्या माणसाचं हळू ते काय असणार?

"कुणाला कॅन्सर?" बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं.

"गाडी आहे एक," लेक म्हणाला. "पांढरी व्हॅन."

"कुठं लागलाय?"

"खाली. तळाला."

"पसरलाय?"

"हो. कापून काढण्यासारखं राहिलं नाही आता."

बाबा उशीवरून उठून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांना हुरूप आला होता. "चल, मला दाखव. तुला नाही जमलं म्हणजे जमतच नाही असं नाही."

लेकानं नाही नाही म्हणून पाहिलं. बाबांनी तोवर कामाचा जुना शर्ट अंगात चढवलासुद्धा. तो खांद्यावरून खाली ओघळत होता. गॅरेज घराच्या पुढच्याच अंगाला, तरी वाटेत दोनदा थांबावं लागलं. आत एक लाल गाडी होती आणि एक निळा टेम्पो.

"कुठाय?"

लेकाच्या जिभेवर दुसरी थाप तयारच होती. "मालक घेऊन गेला."

"तळ गेलेली गाडी तू रस्त्यावर जाऊ दिलीस? त्याला सांगितलंस तरी?"

"नाही."

"का?"

"घाबरेल म्हणून."

बाबा भडकले. "अरे, गाडी त्याची. कुठं न्यायची, कुठं नाही, ते त्यानं ठरवायचं. लपवणारा तू कोण? लाव फोन त्याला, आत्ताच्या आत्ता."

लेकाची मान वर होईना. आपण किती नीच वागलो ते त्याला बापाच्याच तोंडून ऐकावं लागत होतं, आणि बापाला त्याचा पत्ता नव्हता. "व्हॅन नाहीये, बाबा," तो शेवटी म्हणाला. "डॉक्टरांचा फोन होता. तुमच्याबद्दल."

बाबांनी हातानं चाचपत स्टूल जवळ ओढलं आणि ते बसले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"महिना झाला."

रोगाबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. "महिन्यापूर्वी मी जिना चढत होतो," ते म्हणाले. "ताईकडं जाऊन आलो असतो."

आत्या पलीकडच्या गावात चौथ्या मजल्यावर राहायची. गुडघ्यांमुळं ती क्वचितच खाली उतरायची. महिन्यापूर्वी तिनं भावाला बोलावलंही होतं, आणि लेकानंच फोनवर सांगितलं होतं, बाबा बरे झाले की आणतो.

"मी उचलून नेतो तुम्हाला," लेक रडवेला होऊन म्हणाला.

"नको. धाकट्या भावाला असा उचलून आणलेला तिला बघवणार नाही. फोन लाव आणि खरं काय ते सांग. यायचं की नाही ते ती ठरवेल. तिचा तरी महिना घालवू नकोस."

लेकानं फोन लावला. आत्यानं उचलल्या उचलल्या भावाची चौकशी केली. लेकानं तोंड उघडलं, पण दिवसातून दहादा उच्चारलेला तो शब्द काही केल्या बाहेर पडेना. आत्या हॅलो हॅलो करत राहिली. मग बाबांनी हात पुढं करून फोन घेतला.

"ताई, मला कॅन्सर झालाय," ते म्हणाले. "पोराला काही बोलू नकोस. त्यालाही आजच कळलंय."