जावयाची गाडी तपासायची नसते

माझ्या जावयाला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही.

तीस वर्षं मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात काढली. मशिनवरून उतरलेला प्रत्येक तुकडा मापाला लावून बघायचा आणि केसभर फरक निघाला तरी लाल ठिपका देऊन बाजूला टाकायचा, हे माझं काम. सुपरवायझर काकुळतीला यायचे, "बाई, एवढा एक जाऊ द्या की." मी कधी जाऊ दिला नाही. आणि अशा बाईने आयुष्यातली पहिली गाडी बॉनेट न उघडता घेतली.

गाडी आईसाठी हवी होती. आई जन्माने मेंढपाळाच्या घरातली आणि लग्न होऊन गेली तीही मेंढपाळाच्याच घरात. पावसाळा सरला की खुलताबादच्या डोंगरातून निघायचं, कन्नडचा घाट उतरून खानदेशात जायचं, वाटेतल्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवायच्या आणि उन्हाळा संपता संपता परतायचं, यात तिची निम्मी हयात गेली. मला कळायला लागायच्या आत तिने मला फुलंब्रीला मामाकडे शाळेसाठी ठेवलं. त्यामुळे जी वाट आईला पाठ होती ती मी पाहिलेलीच नव्हती.

मग आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उजवा डोळा कळेपर्यंत गेलेला होता. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, थेंब घालत राहा, पण गेलेली नजर परत येत नाही, तेव्हा त्यांना काय दाखवायचं ते लवकर दाखवून घ्या. आई दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, "मला कोन काय दावणार? मलाच तुला दावायचंय. डोळा हाय तवर माझी वाट तुला दावते."

तिचे गुडघे गेलेले, लॉजच्या खोलीत तिचा जीव घुसमटतो, आणि तासातासाला तिला लघवीला उठावं लागतं. म्हणून मी कॅरावॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, करून घेतली. कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याची पत्र्याची शेड आहे, त्याने बनवून दिली. दोन बाकं, एक शेगडी, कोपऱ्यात संडास, पाण्याची टाकी, आणि आईला बसल्या जागी बाहेर बघता यावं म्हणून खाली घेतलेली खिडकी. आता ती ओढायला गाडी पाहिजे होती.

गाडीचा अभ्यास मी तीन महिने केला. डिझेल नको, कारण वर्षातून चार वेळा निघणारी गाडी नुसती उभी राहून बिघडते. पेट्रोलच, पण अंगाने जड, कारण ओढणारी गाडी मागच्या ओझ्यापेक्षा हलकी असली की उतारावर मागचं ओझंच तिला ढकलत नेतं. इंजिन कमी फेऱ्यांवर ओढणारं हवं. हूक बंपरला नाही, चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला बसणारा हवा. आणि क्लच. क्लच बघायची सोपी रीत आहे: हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि पाय हळूहळू सोडायचा. इंजिन धाडकन बंद पडलं तर क्लच शाबूत. चालूच राहिलं तर आतली प्लेट झिजलेली. जालना रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांकडे मी ही परीक्षा इतक्या गाड्यांची घेतली की ते मला बघून चहा मागवायच्या ऐवजी फोनवर बोलायला लागायचे.

शेवटी फुलंब्रीला एका रिटायर डॉक्टरांची पांढरी गाडी सापडली. पंधराशेचं इंजिन, अंगाने दणकट. तीन वेळा जाऊन बघितली. तिन्ही वेळा क्लचने इंजिन बंद पाडलं. डॉक्टर हसून म्हणाले, "बाई, माझंसुद्धा इतकं चेकअप कोणी केलं नाही."

हे जावयाच्या कानावर गेलं. तो संध्याकाळी आला, सोफ्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आत्या, घरची गाडी असताना बाहेरची कशाला? आपली लाल घेऊन टाका. एकदम मक्खन आहे. सहा वर्षं माझ्या हातात, कधी कुरकुर नाही." त्याने नवीन गाडी बुक केली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

लाल गाडी बाराशेची. हलकी. माझ्या यादीत पहिल्याच ओळीला बाद होणारी. मी म्हणाले, "जावईबापू, बघते." रात्री लेकीचा फोन आला. "आई, घे ना. घरात रोज तोच विषय चाललाय." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

आमच्यात जावयाला पाय धुवायला पाणी देतात, पहिला घास त्याला वाढतात, त्याने आणलेल्या आंब्याचा वास घेऊन बघत नाहीत. त्याच्या गाडीचं बॉनेट कुठून उघडणार? क्लचची परीक्षा घेणं म्हणजे तू खोटा आहेस असं तोंडावर म्हणणं, आणि त्याची भरपाई माझ्या लेकीने करायची. मी किल्ली घेतली, गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. डॉक्टरांची गाडी दुसऱ्याने नेली.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. आई माझ्या शेजारी, डावा डोळा काचेला लावून बसलेली. दौलताबादचा किल्ला मागे पडला, चढ लागला, आणि दुसऱ्या वळणावर गाडीतून जळका वास यायला लागला. इंजिन ओरडत होतं आणि चाकं जागची हलत नव्हती. मी हँडब्रेक ओढला, उतरून चाकामागे दगड लावला. आई रस्त्याकडेच्या धोंड्यावर डोक्यावरून पदर घेऊन बसली. मला म्हणाली, "घोडं असं बसलं की वझं उतरून पानी दावायचं. चिडायचं नाय." दोन तास ती उन्हात बसली होती.

घाटाखालून एक मेकॅनिक आला. त्याने वाकून बघितलं, वास घेतला आणि हात पुसत म्हणाला, "अम्मा, ये प्लेट आज नै जली. बहुत दिनां से घिसरी थी. सपाट रोड पे चलती, घाट में नक्को ले जाओ." नवी प्लेट टाकायला किती वेळ लागेल विचारलं, तर म्हणाला दोन दिवस. गाडी थंड झाल्यावर उताराने सावकाश उतरवून आम्ही घरी परतलो.

मी जावयाला फोन केला. रागाने नाही, अगदी जपून. तो म्हणाला, "आत्या, हाफ क्लचवर चालवली असेल तुम्ही. घाट म्हणजे तुमचं कामच नाही ते." संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला: सासूबाईंनी पहिल्याच फेरीत क्लच जाळला, बायकांच्या हाती घाट देऊ नये. खाली हसरी तोंडं. माझ्या सख्ख्या चुलतभावानेही एक हसरं तोंड टाकलेलं. आईला उन्हात बसवल्याबद्दल एक अक्षर नाही.

त्या दिवशी माझ्या अंगाचा जो भडका उडाला तो आजही विझलेला नाही. जावयाला उलट बोलता येत नाही, त्याला ग्रुपवर उत्तर देता येत नाही, त्याच्या आईबापाकडे तक्रार नेता येत नाही. त्याला फक्त मान देता येतो. ठीक आहे, म्हटलं, मानच देऊ. नव्या वर्षाचं कॅलेंडर घरात आलं तेव्हा मी पहिल्यांदा अधिक महिना शोधला. होता. ऐन उन्हाळ्यात, अधिक ज्येष्ठ. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, तेहतीस अनारसे देतात, कपडे करतात, आणि त्या दिवशी सासरचं म्हणणं जावयाला मोडता येत नाही.

क्लच मी बदलला नाही. गाडी सपाटीवर चालत होती, बाजारात जात होती. घाटात चालणार नाही एवढं मला ठाऊक होतं आणि मला तेवढंच हवं होतं.

आई विचारायची, "गाडी नीट झाली का गं?" मी म्हणायची, "पार्ट मिळत नाही, आई." माघात विचारलं, होळीला विचारलं. चैत्रात ती चपला पायाने चाचपून शोधायला लागली. मी बघत होते. थोडंच राहिलंय, असं मी मनाला सांगायची, आणि थोडंच राहिलंय म्हणजे काय राहिलंय हे मनाला विचारायची नाही.

धोंड्याच्या जेवणाला मी तीस माणसं बोलावली. जेवण वेरूळला, घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन चुलतभावाच्या शेतात. भाऊबंदांसाठी टेम्पो ठरवला. सकाळी जावयाला पाटावर बसवून ओवाळलं, पांढरा शर्ट दिला, उपरणं दिलं. मग सगळ्यांसमोर ताटात लाल गाडीची किल्ली ठेवली. "आमच्या हातून जळते हो. आज तुम्हीच न्या. कॅरावॅन तुमच्या हातून एकदा वेरूळ बघू द्या." तीस माणसं बघत होती. त्याने किल्ली उचलली.

पाण्याची टाकी मी आदल्या दिवशीच काठोकाठ भरली होती. बाकांखाली गव्हाची दोन पोती टाकली होती. पितळी भांडी, दोन सिलिंडर. हे काम मी फार मन लावून केलं.

लेक पुढे बसली, मी आणि आई मागे. आईला मी टेम्पोत बस म्हटलं होतं, ती ऐकेना. तिने नवं लुगडं नेसलं होतं. गाडी सुरू झाल्यावर ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "जेवनं झाली की तसंच म्होरं जायचं नव्हं? मी औषधाचे थेंब घेतल्यात." मी म्हणाले, "बघू."

त्याच वळणावर झालं. इंजिन ओरडलं, वास आला, गाडी वीतभर मागे सरकली आणि लेक किंचाळली. मागच्या टेम्पोतून माणसं धावली, चाकांना दगड लावले. जावई खाली उतरला. नवा शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलेलं. त्याने बॉनेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. माझा चुलतभाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाला, "जावईबापू, हाफ क्लचवर चालवली का काय?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पुरुषांनी पदरसुद्धा लावला नाही. मी मधासारख्या आवाजात म्हणाले, "छे हो, त्यांच्या हातात सहा वर्षं होती, कधी कुरकुर नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं की मी मुद्दाम केलं, आणि हेही कळलं की तो काही म्हणू शकत नाही. ते तोंड मी कधी विसरणार नाही. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

आई गाडीतून उतरली, दाराला धरून. तांब्या हातात घेऊन चाचपत जावयापर्यंत गेली आणि म्हणाली, "पानी घ्या, पाव्हनं. मशीनच ती." मग माझ्या आवाजाच्या रोखाने आली.

"तुला ठावं व्हतं," ती म्हणाली.

मी तिला सावलीत न्यायला तिचा हात धरला.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"म्हंजी गाडी नीट व्हत नव्हती असं नाय. तू करत नव्हतीस." तिने हे आवाज न चढवता म्हटलं. "मंग मला ह्यात कशाला बसिवलंस?"

चुलतभावाने तिला हात धरून टेम्पोत बसवलं. शेतात तिने एकच धोंडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिकला बोलावलं. खरंच दोन दिवस लागले. रिकामी टाकी, पोती काढलेली, पहिला-दुसरा गिअर, आणि लाल गाडी कॅरावॅन घेऊन सावकाश घाट चढलीसुद्धा. मी एकटीच होते. वर खुलताबादला गाडी उभी करून मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. जावयाने मला फसवलं, चारचौघांत हसं केलं, ते त्याच्या माथी आहे आणि राहील. पण आईचे ते सात महिने त्याने घेतले नव्हते.

मग पाऊस लागला. आई नको म्हणत राहिली. निघालो तेव्हा पुन्हा दिवाळी उलटून गेली होती आणि तिच्या डाव्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळत होता. कन्नडचा घाट उतरलो, तशी ती कान देऊन बसली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "थांब. वारं बदललं. हितं डाव्या अंगाला दोन पिंपळ हायेत, मधी बारव. तिथं तुझा जनम झाला."

मी गाडी बाजूला घेतली. डावीकडे नजर जाईल तिथवर कपाशी होती. पिंपळ नव्हता, बारव नव्हती. पिंपळ तोडले, बारव बुजवली, की जागाच ही नव्हे, हे सांगू शकणारा डोळा एकच होता.

"दिसलं का?" आईने विचारलं.

"दिसलं," मी म्हणाले.

तिने माझ्या मांडीवर हात ठेवला. "मंग सांग की, कसं हाय आता?"