बॅगेतला निर्गुडीचा पाला

एकोणऐंशीच्या आसपासची गोष्ट. कतारमधल्या अल रय्यानच्या आमच्या लेबर कॅम्पात थंडी सुरू झाली की माशांचा उच्छाद व्हायचा. मेसच्या टेबलावर ताट ठेवायची खोटी, डाळ दिसेनाशी व्हायची. मी शटरिंगचा सुतार, पण बढाया मारण्यात कुणाला हार जायचो नाही. गावाकडं आमच्या गोठ्यात निर्गुडीचे डहाळे टांगले की माशी फिरकत नाही, हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की सुट्टीवरून परतताना पाला आणणं भागच पडलं.

सावलीत वाळवून फडक्यात गच्च बांधला. माझी बॅग लोणच्या-चटण्यांनी फुगलेली. माझ्याच विमानानं परतणारा माझा गाववाला आमच्या कंपनीत ड्रायव्हर होता. "आण हिकडं," म्हणून त्यानं गाठोडं आपल्या बॅगेत कोंबलं.

दोह्याच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं ते गाठोडं उघडलं. भपकन उग्र वास आला. त्यानं एक पान उचलून टेबलावर सपाट केलं. लांबट, पाच बोटांचं. जन्मभर पाहिलेलं ते पान गांजासारखं दिसतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी रांगेत गाववाल्याच्या लगेच मागे होतो.

"हशीश?"

"नही साब. मक्खी भगाने का पत्ता," गाववाला म्हणाला.

दुसरा अधिकारी आला. गाववाल्याचा पासपोर्ट त्यानं खिशात टाकला. "किसका है?"

गाववाल्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. "मेरा है," म्हणाला.

एवढंच बोलायचं होतं, की गाठोडं माझं आहे. मी खाली बघून माझ्या बॅगेची चेन उघडू लागलो. त्याला आतल्या खोलीत नेलं. माझ्या बॅगेवर तपासणी झाल्याची खडूची फुली पडली. "यल्ला, यल्ला," म्हणत मला पुढं काढलं.

बाहेर तीन तास मी उभा होतो. जेल, नाहीतर थेट माघारी, याखेरीज काही सुचत नव्हतं. त्याच्या घरच्यांना काय तोंड दाखवायचं, तेही ठरवून झालं. मग तो दारातून आला.

"एका म्हाताऱ्या सायबानं पाला जाळून बघितला. खोकून बेजार झाला. म्हणला, खलास, जा."

मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "तू गप बसलास ते ब्येस केलंस. बोलला असतास तर दोघंबी आत गेलो असतो. डोकं चालतं गड्या तुझं."

मी डोक्यानं नाही, भीतीनं गप्प होतो. ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली. पुढं अकरा वर्षं तो माझ्या शेजारच्या खाटेवर झोपला आणि कॅम्पात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला माझ्या हुशारीची ही गोष्ट, माझ्यासमोर, कौतुकानं सांगत राहिला.