आठनंतरचं बंद दार

परळच्या प्रयोगशाळेत माझं काम तसं कंटाळवाणं. विषाणू लागलेल्या पेशी प्लेटमध्ये ठेवायच्या आणि शरीराची पहिली फळी काय करते ते बघत बसायचं. लागण झालेली पेशी गप्प मरत नाही. ती इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते, त्याने शेजारच्या पेशी सावध होतात. मग पहारेकरी पेशी येऊन तिला चिकटतात, चाचपतात आणि मारेकरी पेशींना चिथावतात. मारेकरी पेशी उलट पहारेकऱ्यांना आणखी तयार करतात. एकटीने कुणालाच धड काही जमत नाही. आम्ही कधी कधी या पेशींच्या मध्ये बारीक जाळी घालून बघतो. रसायनं आरपार जातात, पण अंगाला अंग लागत नाही. मारेकरी पेशी मग अर्धवट जाग्या होतात आणि नुसत्या बसून राहतात. कितीदा बघितलंय हे मी. अक्कल मात्र आली नाही.

बाबा लालबागच्या चाळीत एकटे राहायचे. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने छाती कधीच कामातून गेलेली. आमच्या मजल्यावर सकाळी आठनंतर कुणाचं दार बंद नसतं. असलंच तर शेजारच्या काकू थाप मारणार म्हणजे मारणारच. "काय हो, आहात ना?" असं ओरडून विचारणार आणि उत्तर यायच्या आत पेजेचं भांडं घेऊन आत शिरणार.

गणपती गेले की अख्खं लालबाग खोकतं. मी बाबांना फोनवर बजावलं, पंधरा दिवस दार लावून बसा, कुणाला आत घेऊ नका.

"दार लावून बसूक मी काय चोर आसंय?"

"बाबा, मला यातलं कळतं."

काकूंनाही मीच फोन केला. म्हटलं, पेज नको, बाबा करून घेतील. दार बंद दिसलं तरी थापबिप मारू नका, प्लीज. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं बाई. तू शिकलेली." चिडल्या होत्या. मी म्हटलं, चिडू देत.

ताप आलाच. कुठून आला देव जाणे. दोन दिवस फोनवर बाबांचं एकच, "बरो आसंय गो, जरा कणकण हा." तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फोन उचलला नाही. माझी प्लेट अर्धी झाली होती. वाटलं, झोपले असतील. मी प्लेट पूर्ण केली. मग पुन्हा लावला, मग काकूंना लावला. त्यांनी माणसं गोळा करून कडी तोडली.

श्वास चालू होता. हॉस्पिटलात दोन दिवस काढले त्यांनी. गेले तेव्हा मला रडू आलं नाही. कागदावर सही करायला पेन मागितलं, त्याची शाई उठेना, म्हणून दुसरं मागितलं. अजूनही रडू येत नाही. स्वतःचा राग येतो, पण तोही धड येत नाही.

मी स्मशानातून परतल्यावर काकू भेटल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भिंतीतून खोकला ऐकू यायचा गं. दोन दिवस. मी उठायचे, दारापर्यंत जायचे. पण तू सांगितलेलंस ना. मग तिसऱ्या दिवशी खोकला थांबला. म्हटलं, चला, उतार पडला वाटतं."

 

तेरावं झाल्यावर खोली आवरायला गेले. दार सताड उघडं ठेवलं, तुटकी कडी लोंबत होती. बाबांचे शर्ट घड्या घालत बसले होते. आठ वाजून गेले असतील. काकू पेजेचं भांडं घेऊन आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"आत येऊ का गं?"

चाळीस वर्षांत त्या बाईने हे कधी विचारलं नव्हतं.